बाटली उजेडाला धरणाऱ्या काकू

व्हिटॅमिन सी सीरमची बाटली गिऱ्हाइकाला देण्याआधी काकू ती उजेडाला धरायच्या. एक डोळा मिटून बघायच्या. “पान्यासारखं हाय, घे.” रंग चहासारखा झाला असेल, तर बाटली बाजूला.

माणिकपूरला माझं औषधांचं दुकान आहे. तुमच्यापैकी कुणी तिथं आलं असेल, तर गास गावाहून कामाला येणाऱ्या, अंबाड्यात अबोली माळणाऱ्या काकू आठवतील. शिक्षण सातवी. पण कॉलेजच्या मुली मला ओलांडून त्यांच्याकडे जायच्या.

“काकू, रोज लावू?”

“आधी एक दिवस आड. पोळलं नाय, तर रोज. सकाळी तोंड धुवून तीन थेंब, वर क्रीम, मग सनस्क्रीन.”

“आणि रात्री?”

“रात्री मोबाइल ठेव नि झोप.”

मे महिन्यात मी त्या बाटल्या शोकेसमध्ये मांडल्या. दुपारचं ऊन थेट त्यांच्यावर यायचं. “शेठ, आत ठेवा, नासतील,” काकू दोनदा म्हणाल्या. मी ऐकलं नाही.

एका मुलीचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. काकूंनी बाटली पाहिली आणि परत ठेवली. “ही नको. नवीन मागवते.”

मी चिडलो. “तारीख अजून वर्षभर आहे, काकू. वाचता येतं ना?”

दुकानात चार माणसं होती. काकू बाजूला सरकल्या. बाटली मी दिली.

आठवड्यानं मुलीची आई ती बाटली घेऊन आली. मुलीचे गाल लाल झाले होते, आग होत होती.

“कुणी दिली ही?”

“काकूंनी,” मी म्हणालो.

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

काकूंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या बाईंनी नको नको ते ऐकवलं, ते ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “तिला सगळं बंद करायला सांग, बाय. थंड पानी, साधं क्रीम. दोन दिवसांत उतरलं नाय, तर डॉक्टरला दाखव.”

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. मी गासला गेलो. त्या वाडीत केळींना पाणी सोडत होत्या. मी माफी मागायला लागलो, तर म्हणाल्या, “जाऊद्या, शेठ. तुमचं दुकान चालायला पायजे. पन आता मी कुनाला ‘घे’ म्हटलं, तर कोन ऐकेल?”

मी एकटाच दुकानात परतलो. लग्नाआधी मुलीचे गाल बरे झाले. त्या आईला खरं सांगायला मी अजून गेलेलो नाही.

मुली दुकानात येतात, काउंटरमागे डोकावतात. “काकू कुठेत?”

रजेवर आहेत, असं मी सांगतो.