बोंडातली थू

भुताखेतांच्या गोष्टींची मला भीती नाही वाटत, शिसारी येते. इंजिनिअरिंग कॉलेजात सिग्नल प्रोसेसिंग शिकवणारा माणूस मी! तरी हे लिहितोय...

सोनाळ्याला माझ्या मामीची बीटी कपाशी होती. मामांचं शिलाईचं दुकान, शेत मामीच पाहते. त्या दिवाळीत पहिली वेचणी झाली आणि मामी पेचात पडली — पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, उपटून हरभरा पेरायचा, की आणखी कापसासाठी उभी ठेवायची? बियाणेवाला म्हणे, बीटीला बोंडअळी लागतच नाही.

"तुह्या मशीनले इचार ना बाप्पा," मामी म्हणाली.

बंद बोंडाला माइक चिकटवून आतली अळी ओळखायची, हा माझा तेव्हाचा उद्योग. कुरतडण्याचा आवाज एकसारखा नसतो. क्षणात कंप्रतेच्या अरुंद पट्ट्यात, क्षणात पसरलेला. कोणत्या क्षणी किती रुंद, ते मी लॅपटॉपवरच्या चित्रात मोजायचो: आडवा काळ, उभी कंप्रता. मामीच्या बोंडात कुरतड स्पष्ट दिसली. शेवटाकडे तर एक उभी रेघ — खालपासून वरपर्यंत, म्हणजे क्षणभराचा, सगळ्यात पसरलेला आवाज. मामी तोंडाला पदर लावून गप्प उभी होती.

बोंड चिरलं. आत पांढराशुभ्र कापूस. अळी नाही, काही नाही.

"मशीनच येडं हाय तुहं," मामी हसली. पऱ्हाटी उभी राहिली.

हरभऱ्याची वेळ टळल्यावर तिचा फोन आला. जाऊन पाहतो तर... शी! बोंडाबोंडात गुलाबी, गुबगुबीत अळ्या, पिवळा कुजका कापूस, त्यात ओली घाण. दुसऱ्या एका बोंडाला माइक लावला. रेकॉर्डिंग चालू असतानाच अळी बाहेर आली आणि मामीच्या बोटावर चढली.

"थू!" मामी थुंकली.

घरी येऊन दोन्ही चित्रं एकावर एक ठेवली. कुरतड तीच, ठिपका न् ठिपका तोच. आणि ती उभी रेघ... नव्या रेकॉर्डिंगमध्ये मामी थुंकली, नेमकी तिथे. जुनं रेकॉर्डिंग पहिल्यांदाच आवाज वाढवून ऐकलं. "थू!" मामीचाच आवाज.

फायलींची अदलाबदल म्हणावी, तर जुनी फाईल मी तेव्हाच एका सहकाऱ्याला पाठवली होती. त्याच्याकडचीही तशीच निघाली. ते चित्र उघडायचीही आता किळस येते.

पुन्हा शेतात जाऊन मामीला ऐकवलं. ती उभ्या, सडलेल्या पऱ्हाटीकडे बघत राहिली.

"मी तं आधीच थुकली होती रे," ती म्हणाली. "आपल्यालेच आयकू नाई आलं."