रोडग्याने पाडलेले दोन दात

बाबांचे वरचे, समोरचे दोन दात पडले ते रोडगा खाताना. अकोल्याजवळच्या एका शेतात कुणाचा तरी नवस फिटत होता. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे टणक रोडगे, वांग्याची भाजी, वरण, आणि भरपंगतीत बाबा एकदम गप्प. मग जादूगाराने कबूतर काढावे तसे त्यांनी तळहातावर ते दोन दात पंगतीला दाखवले. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो. आजही ते हसू आठवले की मान खाली जाते.

बाबा अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका बँडचे मास्तर. क्लॅरिनेट वाजवायचे. त्याचे तोंड वरच्या दातांखाली घट्ट धरावे लागते. दात नसले की नुसती हवा येते, चहाच्या किटलीसारखी. त्यात ती वर्षे अशी, की बुडालेल्या कापसाने गावेच्या गावे मुकी केली होती. घरोघरची लग्ने बंद पडून सामूहिक विवाह सुरू झाले होते. एका मांडवात एकवीस नवरदेव आणि बँड मात्र एकच. त्या उन्हाळ्यात तो मान बाबांना मिळाला होता. हातात दीड महिना होता.

"तवर दात नाई बसले तं दुसरा मास्तर उभा राहीन," बाबा म्हणाले. "अन् एकडाव दुसरा उभा राह्यला, का मंग आपल्याले कोन बोलावते?"

दातांचा डॉक्टर म्हणाला, आठवड्यात बसवतो. मग त्याने खर्च सांगितला. बाबांनी तोंड इतक्या झटकन मिटले की त्याचा आरसा आतच राहतो की काय असे मला वाटले.

पण मी शूर! अमरावतीला कॉलेजच्या कचेरीत नोकरीला होतो. माझ्याकडे विम्याचे कार्ड होते, आणि त्यात बाबांचे नाव. ते कार्ड मी नाट्यमय पद्धतीने खिशातून काढले आणि विम्याच्या कचेरीत फोन लावला. तिथले साहेब म्हणाले, "हृदय बसतं, किडनी बसते. दात नाही. अपघात असेल तर बघू."

"रोडगा खातानी पडले, हा अपघात नोय काय?" बाबा मागून ओरडले.

"जेवण अपघातात धरत नाहीत."

"काऊन? किडनी आंगातली, अन् दात काय सासऱ्यानं देल्ले?"

पुढची युक्ती माझीच, ती दुसऱ्या कुणावर ढकलत नाही. वरातीत धक्का लागून मास्तर पडले, असे सांगायचे. साक्षीदार दोन, बँडमधलेच कॉर्नेटवाले चाचा आणि ढोलवाला. दोघे बाबांबरोबर अमरावतीला आले ते लाल कोट आणि सोनेरी झालरी घालून, कारण त्याहून चांगले कपडे त्यांच्याकडे नव्हते. बसस्टँडवर मी म्हणालो, एकदा तालीम करून घेऊ. चाचा हसले. "बेटा, हमने कभी तालीम की है क्या? मास्तर की भौं देखते हैं, बस."

ते खरेच होते. वाजवताना बाबांचे तोंड अडकलेले असायचे, म्हणून बँड त्यांच्या भुवईवर चालायचा. डावी वर गेली की गाणे बदला. दोन्ही वर गेल्या की थांबा.

साहेबांच्या टेबलासमोर चाचांनी सुरुवात झकास केली. "साब, जनरेटर की गाडी का धक्का लगा..." आणि नेमकी तेव्हाच बाबांच्या तिसऱ्या, हलणाऱ्या दातात कळ आली. डावी भुवई टणकन वर!

चाचांनी तीस वर्षांच्या सवयीने श्वासही न घेता चाल बदलली. "...फिर घोडी बिदकी साब. उसने लात मारी."

पुन्हा कळ. पुन्हा भुवई. आता ढोलवाल्याने उचलले, "अन् मंग मास्तर हिरीत पडले."

"वरातीत विहीर?"

"खेड्याची वरात व्हती, साहेब."

बाबांनी दोन्ही भुवया वर केल्या. दोघेही ताठ उभे राहिले, एकदम चूप. मला टाळी वाजवावीशी वाटत होती आणि जमिनीत गडप व्हावेसेही.

साहेब रागावले असते तर मी भांडलो तरी असतो. त्यांनी पेन खाली ठेवले आणि बोटाने स्वतःचा गाल ओढून दाखवला. आत तीन दाढांच्या जागा रिकाम्या होत्या. "मी इथंच नोकरी करतो," ते म्हणाले. "मलाही मिळत नाही. या बाजूनं जेवतो." मी टेबलावरचे कार्ड उचलून वरच्या खिशात ठेवले.

सामूहिक विवाहात बाबा कोट घालून पुढेच उभे राहिले. क्लॅरिनेट ओठांना, बोटे बरोबर भोकांवर, आवाज सगळा चाचांच्या कॉर्नेटचा. एकवीस नवरदेवांपैकी एकालाही काही कळले नाही. मग क्लॅरिनेटने एकट्याने वर चढायची जागा आली. चाचांनी सवयीने कॉर्नेट खाली केला. मागे नुसता ढोल. बाबांची बोटे त्या शांततेत पळत राहिली, आणि मांडवातली माणसे वळून बघू लागली.

डावी भुवई वर गेली. बँड दुसऱ्या गाण्यावर वळला. त्यातही ती जागा येण्याआधीच भुवई वर गेली. दिवसभर एकही गाणे पुरे झाले नाही. मी मांडवाच्या खांबाला टेकून उभा होतो, कार्ड वरच्या खिशातच होते.

पुढच्या उन्हाळ्यात तिथे दुसरा मास्तर उभा राहिला.