खरवडलेल्या लेबलांच्या बाटल्या

बियाण्याचं कोल्ड स्टोरेज दिसलं की ती घटना मला आजही आठवते. नवीन जालन्यातल्या ठाण्याचा चार्ज तेव्हा माझ्याकडे होता. खबर आली, की एका बियाणे कंपनीच्या थंड खोलीत तिथलाच कामगार पोत्यांमागे इंजेक्शनच्या बाटल्या लपवतो. आम्ही छापा टाकला. बाटल्या सापडल्या, सगळ्यांची लेबलं नखानं खरवडलेली. झालं, आमच्या लोकांनी नशेचा माल ठरवूनही टाकला. पंचनामा करून त्याला चौकशीला आणलं.

तिशीतला, शेतकरी घरातला माणूस. माल माझाच, एवढंच सांगायचा. कशाचा विचारलं की पुन्हा तेच. मी वैतागलो. "नशेचं कलम लागलं तर जेलात सडशील."

"लावा साहेब. बिलकुल लावा."

इथं मला खटकलं. कलम ऐकून आरोपी रडतो, पाय धरतो. हा तर सुटल्यासारखा दिसला. म्हणजे त्याला जेलपेक्षा मोठी भीती दुसऱ्याच कशाची तरी होती. मी शिपायांना बाहेर काढलं, दार लोटलं आणि चहा मागवला.

चहाचा कप बाजूला ठेवून तो बोलला. "साहेब, लई दारू पेलो. मूल होईना. डॉक्टर म्हन्ले, दारूनं तुझ्यातच बिघाड झाला. दारू सोडली. ही हार्मोनची सुई घेऊन राह्यलो. घरच्या फ्रीजमधी ठेवली तर समद्यांना कळंन."

"घरी काय सांगितलंस?"

"काहीच न्हाई. बायकोतच दोष हाय म्हणतेत. आईनं कुंभार पिंपळगावची दुसरी पोरगी पाह्यली. साहेब, नशेचं लिहा, पण हे लिहू नका."

त्यालाच डॉक्टरांना फोन लावायला लावला. औषध खरं निघालं. दारू पुन्हा धरली नाही तर आशा आहे, पण वेळ लागेल, असं ते म्हणाले.

बाहेर बाकावर त्याची बायको डबा घेऊन कधीची बसली होती. माझं डोकं फिरलं होतं. "पहिली असताना दुसरी आणणं हा गुन्हा आहे. ते कलम मी आनंदानं लावीन. जा, तिला तूच सांग."

त्यानं माझ्यादेखतच सांगितलं, खाली बघत.

ती ओरडली नाही. "सुई लपवली त्याचं काही न्हाई. मीच टोचली असती. पण डोहाळजेवणात तुमच्या आईनं मला वांझ म्हणून सगळ्यांपुढं पंगतीतून उठवलं, तवा तुम्हाला ठावं व्हतं. तरी तुम्ही जेवत बसले." डबा त्याच्या हातात दिला आणि माहेरी, अंबडला जाणारी बस धरायला निघाली.

"साहेब, तिला थांबवा ना!"

थांबवायला माझ्याकडे कलम नव्हतं. मला त्याची कीव आली आणि रागही आला. बाटल्या परत देत म्हणालो, "आता घरच्या फ्रीजमध्ये ठेव."

"आता कशाला, साहेब?"

खून कबूल करणारे मी पुष्कळ पाहिले. कमी माझ्यात आहे, एवढं घरात म्हणायला मात्र याला पोलीस ठाणं लागलं, आणि तोवर ऐकणारी निघून गेली होती.