टिनावरचे गोटे

ढाणकीत मी जेवढी घरं झाकली, तेवढ्यायवर गोटे ठेवले. टिनाचं काम माहं. शाळा मी भाईरूनच पाह्यली. आमच्याकडं उन्हाळ्यात वावधन सुटलं का टिन उडते, म्हनून वर नदीतले गोटे ठेवाची रीत. हुक-नट आवळाले वेळ लागते, गोटा ठेवाले लागत नाही. मी आळशी, अन् वरून मले वाटे का मी लय अक्कलवान.

मंग जमीन हालाले लागली. बारके धक्के. भांडे वाजत, कुत्रे भुंकत, लोक चौकात येऊन उभे राहत. मी म्हनो, "जमिनीले उचकी लागली, कोनी आठवन काढून राह्यलं." सारे हासत. मले हासवाची भारी हौस.

बायको नाही हासली. ती शाळेत खिचडी शिजवते. तिची चूल वर्गाच्या खिडकीपाशी, म्हनून बाई शिकवते ते सारं तिच्या कानात जाते.

"अवो, पावसाळ्यात आपलं दार फुगते ना?" ती म्हने. "रेटा, रेटा, हालत नाही, अन् एकदम धाडकन उघडते. जमिनीखाली तसंच हाय. सारा देश थोडा थोडा उत्तरेले सरकून राह्यला. त्याच रेट्यानं तिकडं हिमालय वर उठला, अजून उठून राह्यला. तो रेटा इकडं बी पोचते. आपल्या खाली जुन्या लाव्ह्याचा काळा खडक, थरावर थर. त्याच्या बी खाली जुन्या भेगा. भेग अडून बसते, अन् एक दिवस सरकते."

"मंग भेगेत तेल सोडा," मी म्हनलं.

"गोटे उतरवा," ती म्हने.

मी वर चढलो. गोटे बोटभर सरकलेले. शहान्या मानसानं उतरवले असते. मी म्हनलं, हलके हायेत म्हनून सरकले. त्याच्याहून जड गोटे आनून ठेवले. अन् आजूबाजूच्या घरी जाऊन तीच अक्कल वाटून आलो, फुकट.

पुढचा धक्का सकाळी आला. माय खाटेवर लसून सोलत होती. पहिले खालून ठोका बसला, मंग सारं घर आडवं झुललं. मी वरडलो, "माय, भाईर पळ." माहं ऐकून ती पळाली. दारात पोचली, अन् वरून माह्या हातचा गोटा तिच्या खांद्यावर आला. हाड मोडलं.

दवाखान्यात बायको एवढंच बोलली, "जड असला म्हनून गोटा जागीच राह्यत नाही. जमीन सरकली का घसरतेच. जड असला तं लागते जास्त, बस." मले माह्या तोंडाचा असा राग आला का, तेच मोडाले पाह्यजे होतं.

शेजारी पंक्चरवाल्या चाचाचं घर. सर्वात मोठे गोटे मी तिथंच ठेवलते. त्याची सून बाळंतीन, रोज कोवळ्या उन्हात लेकराले घेऊन दारात बसे, बरोबर टिनाच्या कडेखाली. मी गेलो तवा बी तिथंच बसली होती.

मी म्हनलं, "चाचा, शिडी द्या. गोटे काढतो."

चाचा हासला. "क्यों मिस्त्री, आज जमीन को हिचकी नहीं आई?"

"मजाक नाही, चाचा."

"तू और मजाक नहीं? हवा आई तो टिन कौन पकड़ेगा, तू?"

"हुक लावून देतो."

"पहले भारी पत्थर, अब हुक. कल बोलेगा, घर ही उठा के ले जाओ."

चाचाच्या पंक्चरच्या दुकानावर बसलेले दोघं बी हासले. माहं अंग पेटलं. मी शिव्या देल्या, तं ते अजून हासले, त्यायले वाटलं हे बी माहं नाटकच. जन्मात एकदा खरं बोलून राह्यलो, अन् त्याले कोनी उभं करत नव्हतं. त्यायचं काय चुकलं? हासाले मीच शिकवलं होतं. माह्या तोंडाचीच मले घीन आली.

माहा आवाज ऐकून माय आली, हात गळ्यात बांधलेला. माह्याकडं पाह्यलंच नाही. सुनेले म्हने, "आन बाई, लेकरू दे जरा." अन् एक हात पुढं केला. सुनेनं लेकरू उचललं, अन् थांबली. एका हातावर कसं देनार?

"राहू दे," माय म्हने. "हात बरा झाला का घेईन."

चाचानं मायच्या खांद्याकडं पाह्यलं, मंग वर टिनाच्या कडेकडं. "बेटी, उधर नीम के नीचे बैठ," तो सुनेले म्हनला. अन् स्वतः शिडी घेऊन आला.

गोटे उतरवले, हुक आवळले. मायवर पडला तो गोटा मी नदीत फेकाले निघालो, तं मायनं अडवलं.

"कायले फेकतं? धुन्याले राहू दे. त्याचं काय चुकलं? ठेवला तिथं बसला होता."

तो आता मोरीपाशी हाय. रोज सकाळी तोंड धुवाले मले त्याच्यापाशीच जा लागते. चौकात अजून बी कोनी विचारते, "मिस्त्री, उचकी लागली काय?" मी हासत नाही. त्याच्या टिनावर नजर टाकतो, अन् शिडी मांगतो.