वॉर्ड क्रमांक दोनची एक जागा

आमच्या गावात गुंडा सुभेदाराइतका चिवट माणूस दुसरा नाही. हे मी कौतुकानं म्हणतोय की वैतागानं, ते माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढून तो गावी परतला. कराडपासून दहा-बारा किलोमीटरवर, कृष्णेच्या काठाला आमचं गाव. ऊस, दूध डेअरी आणि राजकारण, एवढ्यावर चालतं. सुभेदार तीन एकर ऊस करतो, पहाटे पाचला उठतो आणि गेली काही वर्षं माझं डोकं खातो. मी इथल्याच शाळेत मास्तर होतो. आता निवृत्त आहे, म्हणजे डोकं खायला मी सोयीचाच.

त्याचं मागणं तसं साधं होतं. त्याला गावच्या निवडणुकीत एकदा मत द्यायचं होतं. फौजेत असताना आमदार-खासदारकीची मतपत्रिका टपालानं यायची. ग्रामपंचायतीला ती सोय नाही, तिथं गावातच असावं लागतं, आणि हा कधी लेहला तर कधी आसामात. निकालाच्या दिवशी घरून फोन जायचा, अमका आला, तमका पडला. हा तिकडून विचारायचा, "मतं किती किती पडली?" रिटायर होऊन आला त्याच वर्षी पंचायतीची निवडणूक लागली. नेमका तेव्हा सासऱ्याच्या ऑपरेशनसाठी पंधरा दिवस मिरजेला अडकला आणि मतदानाच्या आदल्या रात्री घरी आला. सकाळी दाढी करून, कोट घालून, कोटावर पदकं लावून साडेसातला शाळेच्या फाटकावर हजर. फाटकाला कुलूप. आम्ही गाव बिनविरोध केलं होतं आणि त्याला कळवायचं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

माझं घर शाळेसमोर. मी दात घासत बाहेर आलो आणि त्याचा तो थाट बघून मला हसू आवरेना.

तो हसला नाही. "गुरुजी, मग माझं मत कुणी दिलं?"

"गावानं दिलं की," मी म्हटलं.

त्यानं कोट काढून हातावर घेतला आणि तसाच घरी गेला. तेव्हा मला ती गंमत वाटली, आज वाटत नाही.

दोन वर्षांनी विधानसभा आली. ते मत त्यानं दिलं, दोन्हीकडची पत्रकं वाचून, पेन्सिलीनं खुणा करून दिलं. निवडून आलेला साहेब, ज्याच्या विरोधात गळा फाडून बोलला होता, वर्ष-दीड वर्षात त्याच्याच मांडीला मांडी लावून बसला. गावात फटाके वाजले. सुभेदार त्या संध्याकाळी माझ्या ओट्यावर आला. "त्याला पाडायचा म्हणून मी ह्याला मत दिलं. आता दोगं एक झालं. माझं मत आता कुणाचं समजायचं?"

"राजकारणात जमवून घ्यावं लागतं रं."

"घ्यावं की जमवून. पर ज्यानं मत दिलंय त्याला एकदा इचारावं का न्हाई?"

लोकांवरही त्याचा तेवढाच राग. आमच्या वरच्या आळीला, म्हणजे वॉर्ड क्रमांक दोनला, दिवसाआड पाणी येतं. सुभेदार कट्ट्यावर बसलेल्या प्रत्येकाला विचारायचा, "तुझ्या नळाला पाणी कोण सोडतं?" कुणी आमदाराचं नाव घ्यायचं, कुणी थेट दिल्लीचं. एकानं तर धरणच विकलं गेल्याचा व्हिडिओ मोबाइलवर काढून दाखवला. मग सुभेदार तापायचा. "आरं, दिवसाआडचा ठराव आपल्याच पंचायतीचा हाय! बोर्डावर लावलाय, कुणी वाचलाय का? मत मातूर समद्यास्नी पायजे!" पुढं पुढं तो येताना दिसला की कट्टा रिकामा व्हायला लागला. मीही दोन-तीनदा झोपेचं सोंग घेतलंय.

आता गेल्या निवडणुकीची गोष्ट. गावात दोन गट, एक वीरधवलदादांचा, दुसरा त्यांच्या चुलतभावाचा, धैर्यशीलचा. दोघांना एकत्र बसवून समझोता मी घडवला. तीन वॉर्ड, नऊ जागा, पाच-चार वाटून घेतल्या. सरपंचपद अडीच-अडीच वर्षं. कुणी कुठं उभं राहायचं ती नावंही ठरली. खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान होता. गावच्या निवडणुकीत डोकी फुटलेली मी बघितलीत. सख्ख्या भावाच्या पोरीच्या लग्नाला न गेलेली माणसं बघितलीत. जरा देवाणघेवाण करून ते सगळं टळत असेल तर बिघडलं कुठं, असं मला वाटत होतं.

समझोता पक्का करायची आमच्याकडं एकच रीत. भैरोबाच्या देवळात जायचं आणि भंडारा उचलायचा. देवापुढची हळद हातात घेऊन दिलेला शब्द इकडं कोर्टाच्या कागदाला भारी पडतो. त्या दिवशी बेचाळीस जणांनी भंडारा उचलला. सुभेदार पायरीवरच उभा होता. मीच त्याचा हात धरून आत नेला. नाव न ठरलेल्यांसाठी शपथेचे शब्दही माझेच: मी अर्ज भरणार नाही आणि अर्जाबाबत कुणाला काही सांगणार नाही. त्यानं देवाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि सगळ्या गावाच्या भिडेखातर ते शब्द म्हटले. चेहरा असा उतरला होता की मलाच बघवेना. तरी मनात म्हटलं, चला, हे एक मोठं काम झालं.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी वीरधवलदादांचा फोन आला. "गुरुजी, वॉर्ड दोनच्या बायकांच्या जागेला दुसरा अर्ज आलाय. तुमच्या सुभेदाराच्या बायकोचा."

त्या जागेवर आम्ही दादांच्या पुतण्याची बायको पूजा हिचं नाव ठरवलं होतं. मी तसाच उठलो आणि तावातावानं सुभेदाराच्या घरी गेलो. तो अंगणात विळ्याला धार लावत होता. "देवाशप्पथ गुरुजी, मला आत्ता तुमच्याकडनंच कळतंय," म्हणाला. त्याचं तोंडच सांगत होतं की हे खरं आहे.

त्याची बायको मनुबाई पदराला हात पुसत बाहेर आली. "त्यांस्नी काय इचारताय? अर्ज माझा हाय."

"अगं, पण गावानं भंडारा उचललाय."

"कुणी कुणी उचलला? नावं सांगा की."

मी मनात नावं आठवायला लागलो. नऊपैकी पाच जागा बायकांच्या. त्यांच्या वतीनं शपथ घेतली होती नवऱ्यांनी, सासऱ्यांनी, एकीच्या तर दिरानं. देवळात एकाही बाईला आम्ही बोलावलं नव्हतं. शपथ घेणारे सगळे असे की ज्यांना त्या जागांवर उभंच राहता येत नाही!

"भैरोबानं माझ्याकडनं कायबी वदवून घेतल्यालं न्हाई," मनुबाई म्हणाली. "मंग मी मोडलं काय? आवं, इतकी वर्सं ह्यो माणूस मत मत करून जीव खातोय. पंचायतीचा कागद आणला की घरात मोठ्यानं वाचतोय. मला समदं ठराव पाठ झाल्यात. म्हटलं, एकदा त्याला मत देऊ द्या, म्हंजी माझी सुटका हुईल."

अर्ज कराडला जाऊन भरून दिला होता दीक्षानं. ती धोंडिरामची नात, कॉम्प्युटरचं काम करते. म्हटलं, हिच्याकरवी मनुबाईची समजूत घालू. म्हणून बौद्ध वस्तीत धोंडिरामकडं गेलो. मिरजेला रेल्वेत नोकरी करून निवृत्त झालेला शांत माणूस. त्यानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाला, "तुमचं एकमत झालं त्या दिवशी मी घरीच हुतो, गुरुजी. कुणी हाक मारली न्हाई." मी पाणी पिऊन उठलो.

अर्ज मागं घ्यायची मुदत संपायच्या आदल्या दिवशी वीरधवलदादा स्वतः सुभेदाराच्या घरी आले. पुढच्या खेपेला पहिलं नाव तुमचं, शाळा समितीचं अध्यक्षपद तुमचं, सगळं बोलून झालं. मनुबाईनं चहा दिला आणि नाही म्हणून सांगितलं. मग दादा सुभेदाराकडं वळले. "आरं, तू तरी सांग तिला."

सुभेदारानं हात जोडले. "दादा, मी भंडारा उचललाय. अर्जाबाबत कुणाला कायबी सांगणार न्हाई, असं बोललोय. भर म्हणून सांगितलं न्हाई, आता काढ म्हणूनबी सांगता येत न्हाई. पायजे तर गुरुजींस्नी इचारा, शब्द त्यांचेच हायती."

दादांनी माझ्याकडं जे बघितलं, ते मी जन्मात विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी तीनचा ठोका पडला, अर्ज राहिला आणि गावाला निवडणूक लागली. एका वॉर्डात, एका जागेसाठी. लगेच आवया उठल्या. बिनविरोध गावाला मिळणारं बक्षीस गेलं, वरच्या आळीचा नळ कायमचा बंद होणार, मनुबाईला बाहेरच्या कुणीतरी फूस लावलीय. सुभेदारानं पाण्याच्या ठरावाची नक्कल घेऊन घरोघर जायचं धरलं. मत मागायचा नाही. कागद वाचून दाखवायचा आणि "इचार करून द्या," म्हणून निघायचा. निम्म्या लोकांना कागदापेक्षा आवई खरी वाटायची. तो तरी चौथ्या घरी त्याच जोमानं वाचायचा.

आमच्याकडं उमेदवारानं समोरच्याच्या दारातही हात जोडून जायचं असतं. तशी पूजा आली. मनुबाईनं तिला हळदीकुंकू लावलं. सुभेदारानं तिला बसवून नेहमीचा प्रश्न टाकला. "पोरी, आपल्या नळाला पाणी कोण सोडतं?"

"तानाजी सोडतो की," पूजा म्हणाली. तानाजी म्हणजे आमचा पाणी सोडणारा कर्मचारी.

"आन तानाजीला कोण सांगतं?"

तिला ते ठाऊक नव्हतं. पोरगी लाजली, पण रागावली नाही. चार दिवसांनी वही घेऊन एकटीच परत आली. "मामा, मोटार बदलायचा इषय चार महिनं पडून हाय. मीटिंगला घेतलाच न्हाई कुणी. म्हणून दिवसाआडचा ठराव अजून तसाच हाय." सुभेदार इतका खूश झाला की कट्ट्यावर जाऊन तिचं कौतुक करून आला. घरात मनुबाईनं त्याला फैलावर घेतलं. "तुमी हायसा कुणाच्या बाजूचं?"

"अजून ठरवतोय," म्हणाला. त्या दिवशी जेवायला उशिरा मिळालं, हे त्यानंच मला सांगितलं.

मतदानाच्या दिवशी त्या एका जागेसाठी अधिकारी, पोलीस, यंत्र, मंडप, सगळा लवाजमा आला. रांगेत पहिला सुभेदार, त्याच्यामागं मी. तो आत गेला तो बराच वेळ बाहेर येईना. शेवटी यंत्राचा आवाज आला. बाहेर येताना बोटाची शाई वाळावी म्हणून फुंकत होता आणि लहान पोरासारखा हसत होता. इतक्या वर्षांत त्याला असं हसताना मी बघितलेलं नव्हतं, आणि मला बरं वाटलं.

मग माझी पाळी. समोर दोन नावं आणि खाली नोटा. चौसष्ट वर्षांचा मी, गावातला शिकलेला माणूस. आजवर पॅनेल सांगेल तिथं बटण दाबत आलो. या दोघींपैकी पंचायतीत कोण काय करील, याचा मी एकदाही विचार केला नव्हता. नावं ठरवताना मी फक्त कोण कुणाच्या घरातली ते बघितलं होतं. मला लाज वाटली. "आजोबा, बटण दाबा," अधिकारी म्हणाला, तेव्हा कुठं दाबलं.

दुसऱ्या दिवशी कराडला मोजणी झाली. पूजा दोनशे बारा, मनुबाई एकशे सत्त्याऐंशी, नोटा तेरा. पूजा निवडून आली. गुलाल उधळला गेला. मी सांत्वनाला सुभेदाराच्या घरी गेलो. मनुबाई भाकरी थापत थापत त्याला खोदून विचारत होती, मत कुणाला दिलं ते सांगा. तो म्हणत होता, गुप्त असतंय ते. निवडणूक हरलेल्या घरासारखं तिथं काही दिसत नव्हतं. तरी मी ठरवून आलेलं बोललो. "मनाला लावून घेऊ नकोस, सुभेदार. शेवटी गाव एकच हाय."

"एकच?" त्यानं मला शेजारी बसवून घेतलं. आवाज अजिबात चढवला नाही. "एकशे सत्त्याऐंशी आन तेरा. दोनशे माणसं, गुरुजी. आपल्या एकट्या वॉर्डात दोनशे माणसांनी तुमी ठरवलेल्या नावाला मत दिलं न्हाई. आन तुमी भैरोबाला सांगून आला हुता, समद्या गावाचं एकमत हाय म्हणून. अजून दोन वॉर्ड मोजायचं ऱ्हायल्यात."

मनुबाईनं मला भाकरी वाढली. मी ती खाल्ली. आणि पुढच्या वेळी वाटाघाटीला मला बोलावू नका, असं वीरधवलदादांना संध्याकाळी जाऊन सांगून आलो.