बायको मागं राहिली

तेरा दिवस, दोनशे साठ किलोमीटर. एवढं चालून झाल्यावर पुढेसरका काकांना एका मैदानात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं आणि त्यांचे पाय टबात ठेवले. पाणी कोमट आहे हे त्यांना शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंकडून कळलं. त्यांना स्वतःला काही जाणवत नव्हतं. कुणीतरी गळ्यात पदक घातलं, कुणीतरी फोटो काढला. काका सगळ्यांना मान हलवत होते.

'पुढेसरका' हे नाव काही आईबापांनी ठेवलेलं नाही. अठ्ठावीस वर्षं लांब पल्ल्याच्या बसवर 'पुढे सरका, पुढे सरका' करत कंडक्टरकी केल्यावर गल्लीनं दुसरं काय ठेवायचं? निवृत्तीनंतरही हा माणूस लिफ्टमध्ये शिरला की आतल्यांना सरकवतो. घरी पाहुणे आले की तिघांच्या सोफ्यावर चौघं बसवतो. कोपऱ्यावर दूध आणायला जायचं तरी कुरकुरणारे काका चालायला निघाले, तेव्हा गल्लीला आठवडाभर चघळायला विषय मिळाला.

कारण मात्र चघळण्यासारखं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा चाळीस दिवस हॉस्पिटलात होता. नवरा-बायको आळीपाळीनं जिन्याखाली वर्तमानपत्र अंथरून झोपले. मुलगा घरी आला नाही. आता या पदयात्रेच्या देणग्यांतून त्याच हॉस्पिटलात, पेशंटच्या सोबत्यांना झोपायला खोली होणार होती.

निघताना काकू दारात म्हणाल्या होत्या, "दोन वर्षांत माझ्याशी त्याच्याबद्दल एक शब्द बोलला नाहीत. आता परक्यांना सगळं सांगत फिरा. मी बहिणीकडे जाते. परत येईनच असं धरून बसू नका."

काका बुटाची नाडी बांधत राहिले. काहीतरी म्हणायला हवं होतं. मग नाडी संपली.

परतीला बस मिळाली. रबरी चपला घालून, सुजलेल्या पायांत न मावणारे बूट पिशवीत टाकून काका खिडकीशी बसले. ज्या शेडमध्ये नवव्या रात्री झोपले ती गेली, ज्या पंपावर फोड फोडले तो गेला. काका बघत होते, पण दुसऱ्याच कुणाचा प्रवास असल्यासारखे.

"काका, पुढे सरका जरा, ताईंना बसू द्या," कंडक्टरबाई म्हणाल्या. काका मुकाट सरकले. गल्लीनं हे बघायला हवं होतं.

दीड तासानं मेहुणीच्या गावाचा फाटा आला. बाहेर बघायचंच नाही असं ठरवून त्यांनी डोळे मिटले. दार उघडल्याचा आवाज आला. कुणी उतरलं, कुणी चढलं, एक गोणी धपकन आत पडली. मग क्षणभर शांतता. त्या शांततेत अठ्ठावीस वर्षं जे केलं तेच काकांच्या हातानं केलं. डोक्यावरची दोरी दोनदा ओढली. टिंग टिंग. बस सुटली.

"अहो, बेल मी नाही दिली," मागून कंडक्टरबाई ओरडल्या.

काकांनी डोळे उघडले. मागे रस्त्यावर, दोन हातांत दोन पिशव्या घेऊन काकू उभ्या होत्या. धावत नव्हत्या. नुसत्या बघत होत्या.

काकांनी दोरी एकदा ओढली. बस थांबेपर्यंत फाटा बराच मागं पडला होता.

"आता काय?" ड्रायव्हर म्हणाला.

"उतरतो. बायको मागं राहिली."

"राहिली की ठेवली?" पुढच्या सीटवरून कुणीतरी विचारलं. बस हसली. काका उतरले आणि फाट्याकडे आणखी चालू लागले.

"अठ्ठावीस वर्षं लोकांना टाकून गेलात," काकू म्हणाल्या, "माझाच नंबर राहिला होता."

"हात आपोआप गेला."

"दिसला मला. खिडकीतून."

"घरी निघाली होतीस?"

"नाहीतर काय, पिशव्या घेऊन हवा खायला उभी होते? पण घरी जाऊन पुन्हा तेच मुकं बसायचं असेल, तर सांगा. बहिणीचं घर इथून दहा मिनिटांवर आहे."

दोघं थांब्याच्या सिमेंटच्या बाकावर टेकले.

"काय काय सांगितलंत त्या लोकांना?"

"फोडांचंच बोलणं चालायचं. त्याच्याबद्दल नाही सांगितलं."

"कुणालाच?"

"कुणालाच."

काकूंनी पिशवी उचलून मांडीवर घेतली. आता त्या उठणार, हे काकांना दिसलं. त्यांनी तोंड उघडलं.

"पाच वर्षांचा असताना माझ्या बसमध्ये ओकला होता. थेट तिकिटांच्या पिशवीत. दोन दिवस लोक तिकिटं नाकाला लावून बघायचे. किती बोललो मी त्याला."

"पिशवी मी पुढे केली होती."

"तू?"

"नवे कपडे होते माझ्या अंगावर. त्याला म्हटलं, बाबांना सांगू नकोस."

"सांगितलं नाही त्यानं," काका म्हणाले.

"नाहीच सांगितलं."

हसू आलं नाही. रडूही आलं नाही. पण काकूंनी पिशवी परत खाली ठेवली.

"अजून सांगा," त्या म्हणाल्या.

पुढची बस आली, दार उघडून थांबली. काका आठवत होते. काकूंनी बसला हातानंच, जा म्हणून सांगितलं.