आमचे साडू आणि न ऐकणाऱ्या पेशी

बडोद्यात आजवर जेवढे विक्षिप्त लोक होऊन गेले, त्यांत आमच्या साडूंइतका सरळ माणूस दुसरा झाला नाही. हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो, कारण दांडिया बाजारात त्यांच्याविषयी दोन कथा सांगितल्या जातात आणि दोन्ही खोट्या आहेत. एक, त्यांनी स्वतःच्या बायकोवर प्रयोग केला म्हणून ती गेली. दुसरी, औषध हाताशी असून त्यांनी हट्टाने दिले नाही म्हणून ती गेली. एकच माणूस एकच औषध देतोही आणि देत नाहीही, यात या मंडळींना काही वावगे वाटत नाही. मी वकिली केली आहे. असले साक्षीदार मी उलटतपासणीत घाम पुसताना पाहिले आहेत.

साडू विद्यापीठात रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी काचेच्या थाळ्यांत वाढवीत. या पेशी दुष्ट नसतात, केवळ वयात यायच्या राहिलेल्या असतात, असे त्यांचे ठाम मत होते. निरोगी पांढऱ्या पेशीला शरीराकडून रसायनांचे निरोप जातात. ती ते ऐकते, मोठी होते, नेमून दिलेले काम करते आणि वेळ आली की मरते. या मात्र निरोप घेतच नाहीत, पोरकट राहतात आणि नुसत्या वाढत सुटतात. त्यांना मारण्याऐवजी योग्य तो रेणू धाडून मोठे करावे, या ध्यासापायी साडूंनी सख्ख्या पुतणीचे लग्न अर्धे टाकले होते. मंगलाष्टके संपतात न संपतात तोच ते स्कूटरला लाथ मारून पेशींना जेवू घालायला निघाले. माझी मेहुणी मंदा, म्हणजे त्यांची बायको, पंगतीत मला म्हणाली, "सवती जेवायच्या थांबल्यात, भाऊजी. त्यांना उशीर चालत नाही. मला चालतो."

त्यांचा दुसरा नेम असा, की कोणतीही गोष्ट करून पाहायची तर जोडीला न केलेली ठेवायची. औषध घातलेल्या थाळीशेजारी बिनऔषधाची थाळी हवीच. नाहीतर फरक औषधाने पडला की आपोआप, हे कळावे कसे? शास्त्रात हे रास्त आहे. पण केस उगवणारे तेल आणले तेव्हा त्यांनी ते डोक्याच्या डाव्या अर्ध्यालाच चोळले, आणि मंदाने दिलेला आंबेहळदीचा लेप दुखऱ्या गुडघ्यांपैकी एकालाच लावला. "दुसरा ठणकतोय तो ठणकू द्या, वकीलसाहेब," ते मला समजावीत, "तो साक्षीला आहे."

मग मंदालाच रक्ताचा कर्करोग झाला. परदेशी रसायने आता परवान्यांच्या कटकटीवाचून कुरियरने येऊ लागली होती, आणि या रोगाच्या एका जातीवर साडूंचा आवडता रेणू लागू पडतो हे साऱ्या जगाला ठाऊक झाले होते. मंदाची जात वेगळी निघाली. तरीही तिच्या आणि डॉक्टरांच्या संमतीने त्यांनी तिच्या पेशी थाळ्यांत आणल्या आणि एका थाळीत रेणू घातला. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या सहकारी बाई भिंगावरून ओरडल्या, "साहेब, जुओ ने, मोटा थई गया!" पेशी मोठ्या झाल्या म्हणे, आणि खरोखरच काहींच्या केंद्रकांना प्रौढ पेशींसारख्या पाकळ्या पडल्या होत्या. बाईंनी लगेच साडूंच्या गोत्री भागातल्या घरी फोन लावला, आणि मंदाने देवापुढे साखर ठेवली. मी प्रयोगशाळेतच बसलो होतो. साडूंनी शेजारची बिनऔषधाची थाळी भिंगाखाली सरकवली. तीतही तशाच पेशी होत्या, तितक्याच. मंदाच्या रक्तात उरलेल्या निरोगी पेशी होत्या त्या. रेणूने कोणालाच मोठे केले नव्हते.

घरी जाऊन त्यांनी हे मंदाला स्वतः सांगितले.

"तरी द्या ना," ती म्हणाली. "नाही लागू पडलं तर नाही."

"डॉक्टर देतायत ते घे, मंदा. माझं तुझ्या पेशी ऐकत नाहीत."

"मग घरी तरी बसा. ती स्कूटरची किल्ली भाऊजींकडे द्या."

त्यांनी दिली. ती किल्ली मंदा जाईपर्यंत माझ्या खिशात होती, आणि त्या काळात प्रयोगशाळेतल्या त्यांच्या सगळ्या थाळ्या उपाशी मेल्या. दांडिया बाजाराने हे आपल्या कथेत कुठे बसवायचे ते बसवावे.

मंदाच्या पेशींची एक कुपी तेवढी बाईंनी गोठवून ठेवली होती. काही वर्षांनी एक नवा रेणू हाती आला आणि त्यांनी भीतभीत विचारले, त्या पेशी बाहेर काढू का? साडू हो म्हणाले आणि मला सोबत घेऊन गेले. भिंगापाशी मात्र त्यांचे पाय अडले. "आधी तुम्ही बघा."

मी पाहिले. काठाला उजेड धरलेले गोल, स्वच्छ ठिपके.

"कशा आहेत?"

"टवटवीत आहेत," मी म्हणालो.

"यांनीच नेलं तिला," ते म्हणाले आणि स्टुलावर बसले. भिंगाला डोळा लावून ते किती वेळ बसले होते, मी पाहिले नाही. मी खिडकीकडे तोंड केले होते. बाई नव्या औषधाची नळी घेऊन मागे उभ्या होत्या.

"काले करिए, बेन," साडू मान वर न करता औषध उद्यावर ढकलीत म्हणाले. "आजनो दिवस रहेवा दो."